वेटोळ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा सुरू झाला, की आमच्या सदाशिव पेठेतल्या शनिवार-रविवारच्या वर्गाच्या फोनवर हातांचे फोटो येऊ लागतात. अंगठा वर, अंगठा खाली, एखाद्या फोटोत चक्क डावा हात, आणि खाली एकच ओळ: “सर, बरोबर आहे का?” मागोमाग बारावीवाले येतात, आयटीआयची मुलं येतात, भोसरीत मोटर वाइंडिंगचं काम करणारे एक-दोघं येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

शब्दांचं आधीच सांगतो. मराठी माध्यमाचं ‘नालकुंतल’ आणि सेमी-इंग्लिशवाल्यांचं ‘सोलेनॉइड’ एकच: बऱ्याच वेढ्यांची लांबट गुंडाळी. मोजक्या वेढ्यांचं असेल तर खाली ‘वेटोळं’ म्हटलं आहे. कारागीर दोन्हीला कॉइल म्हणतात, तेही चालेल.

१. तारेतून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे कळलं. पण त्या क्षेत्राला दिशा असते म्हणजे काय?

त्या जागी छोटी चुंबकसूची ठेवली तर तिचं उत्तर टोक जिकडे वळेल, ती त्या जागची क्षेत्राची दिशा. व्याख्या एवढीच. ‘त्या जागी’ हे शब्द मात्र सोडू नका. वेटोळ्याच्या मध्यावरची दिशा आणि वेटोळ्याबाहेर शेजारची दिशा वेगवेगळी असते (प्रश्न १३).

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांना तारेजवळची सुई हललेली दिसली. सुई तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून लांबही ढकलली गेली नाही, ती तारेला आडवी वळली. ओढणं आणि ढकलणं दाखवायला सरळ बाण पुरतो. आडवं वळणं दाखवायचं तर कुठल्या अंगाला वळलं तेही सांगावं लागतं, आणि तिथे हाताची गरज पडते.

२. वेटोळ्यासाठी उजव्या हाताचा नियम नक्की कसा लावायचा?

आईची एक बांगडी घ्या. तिच्यावर स्केचपेनने करंटचा बाण काढा. आता उजव्या हाताची चार बोटं बांगडीच्या गोलाईवरून अशी वळवा, की बोटांची टोकं बाणाच्या दिशेने जातील. ताठ ठेवलेला अंगठा बांगडीच्या मधल्या पोकळीतून ज्या बाजूला निघतो, ती मध्यावरच्या क्षेत्राची दिशा. नालकुंतलालाही हेच लागू. तिथे अंगठा ज्या टोकाकडे जातो ते उत्तर ध्रुवाचं टोक.

हात उजवाच हवा. हे सांगायची वेळ येते, कारण उजव्या हातात पेन असतं आणि रिकामा डावा हात आपोआप वर येतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन खाली ठेवा.

३. पुस्तकात तर अंगठा म्हणजे विद्युतधारा आणि बोटं म्हणजे चुंबकीय क्षेत्र असं आहे. तुम्ही उलटं का सांगताय?

पुस्तकातलं ते वाक्य सरळ तारेसाठी आहे. सरळ तारेत करंट सरळ जातो आणि क्षेत्र तिच्याभोवती गोल फिरतं. वेटोळ्यात करंट गोल फिरतो आणि मध्यावरचं क्षेत्र सरळ जातं. जे सरळ त्याला अंगठा, जे गोल त्याला बोटं.

हे दोन वेगळे नियम नाहीत, आणि ते ताडून बघता येतं. बांगडीचा उजवीकडचा एक लहानसा तुकडा निवडा आणि तिथे सरळ तारेचा नियम लावा: अंगठा बाणाच्या दिशेने, बोटं तारेभोवती. बोटं बांगडीच्या पोकळीत कुठल्या बाजूने शिरतात ते बघा. मग डावीकडच्या तुकड्याला तेच करा. इथे करंट उलट्या दिशेने जातोय, पण पोकळी तुकड्याच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्यामुळे बोटं पुन्हा त्याच बाजूने आत शिरतात. वरचा, खालचा, कुठलाही तुकडा घ्या, तेच होतं. सगळे तुकडे मध्यावर एकाच दिशेने जोर लावतात. ज्यांनी हे एकदा स्वतःच्या हाताने केलं, त्यांचा हा प्रश्न मला परत आलेला नाही.

४. हात न वळवता, नुसतं बघून सांगता येईल अशी काही युक्ती?

आहे. वेटोळ्याच्या तोंडाकडे बघा. करंट प्रदक्षिणेच्या दिशेने फिरताना दिसला, तर तुमच्याकडचं तोंड दक्षिण ध्रुव. शब्दातच उत्तर आहे. उलटा फिरताना दिसला तर उत्तर ध्रुव. मराठीत ही सोय आयती मिळाली आहे. इंग्रजी पुस्तकांत एन आणि एस या अक्षरांच्या टोकांना बाण काढून हेच दाखवतात, पण तिथे बाण कुठल्या टोकाला हे आठवावं लागतं.

एकच खबरदारी. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. कसबा गणपतीच्या गाभाऱ्याभोवती फिरणारी माणसं कळसावरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसतील. म्हणजे ‘प्रदक्षिणेची दिशा’ हे वरून बघणाऱ्याचं वर्णन आहे. तुम्ही वेटोळ्याच्या तोंडाकडे बघता तेव्हा तुम्ही कळसावर बसलेले आहात. तिथून उजवा हात वळवून बघा: अंगठा खाली, फरशीकडे जातो. क्षेत्र तुमच्यापासून दूर, वेटोळ्यात शिरतंय. क्षेत्र जिथे आत शिरतं ते तोंड दक्षिण. हात आणि प्रदक्षिणा, दोन्हींचं उत्तर एकच.

ज्यांना देवळापेक्षा किराणा जवळचा, त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण धरा. काट्यांच्या दिशेने फिरवलं की झाकण आत बसतं. करंट तसा फिरला की क्षेत्र आत जातं. उलट्या आट्यांचं काही घेऊ नका. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, आणि एकाने नेमकं तेच उदाहरण वहीत लिहिलं होतं.

५. मी एका बाजूने बघते तर दक्षिण ध्रुव, मैत्रीण समोरून बघते तर उत्तर. मग बरोबर कोण?

दोघीही. लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाच्या काचेच्या दाराला पारदर्शक घड्याळ टांगलंय असं समजा. बाहेरच्या गिऱ्हाइकाला काटे उजवीकडे वळताना दिसतात, आत गल्ल्यावर बसलेल्याला तेच काटे उलटे. घड्याळ एकच, काटेही तेच.

वेटोळ्याला दोन तोंडं आहेत. तुझ्याकडचं दक्षिण, तिच्याकडचं उत्तर. क्षेत्राची दिशा दोघींच्या उत्तरात एकच निघते: तुझ्याकडून तिच्याकडे. म्हणून ‘करंट काट्यांच्या दिशेने आहे’ हे वाक्य अर्धवट असतं. ‘माझ्या बाजूने बघता’ किंवा ‘बॅटरीच्या बाजूने बघता’ हे जोडलं की ते पुरं होतं. माझ्याकडे येणाऱ्या चुकांपैकी बहुतेकांत हात बरोबर असतो, बघायची बाजू लिहिलेली नसते. परीक्षेत आकृतीशेजारी डोळ्याचं छोटं चित्र काढा. त्याला कुणी मार्क कापत नाही.

६. आकृतीतल्या ठिपका आणि फुलीचा अर्थ?

कागदातून बाण तुमच्याकडे येत असेल तर त्याचं टोक दिसतं, म्हणून ठिपका. बाण कागदात शिरत असेल तर मागची पिसं दिसतात, म्हणून फुली. नालकुंतलाचा उभा छेद दिला असेल, वरच्या ओळीत फुल्या आणि खालच्या ओळीत ठिपके असतील, तर वरच्या तारेत करंट आत जातोय आणि खालच्या तारेत बाहेर येतोय. उजव्या हाताची बोटं वरून कागदात घाला, खालून बाहेर काढा. अंगठा डावीकडे येतो. क्षेत्र डावीकडे.

७. कॉइल डावीकडून गुंडाळत आणली की उजवीकडून, यावर दिशा ठरते का?

नाही. करंट तारेतून पुढे सरकत डावीकडे जातोय की उजवीकडे, याला महत्त्व नाही. तो अक्षाभोवती कुठल्या बाजूने फिरतोय, एवढंच बघायचं.

कारागिराला हे बॉबिनवर दिसतं. बॉबिन एकाच बाजूला फिरवत तार डावीकडून उजवीकडे भरली, शेवटाला पोचल्यावर बॉबिन तसंच फिरवत दुसरा थर उजवीकडून डावीकडे आणला. दुसऱ्या थरात तार परत फिरली, पण फिरकी तीच राहिली. दोन्ही थरांची क्षेत्रं एकमेकांत मिळतात. याउलट दुसऱ्या थराला बॉबिन उलटं फिरवलं, तर दुसरा थर पहिल्याला मारतो आणि शंभर-शंभर वेढे भरूनही हातात जवळजवळ काही लागत नाही.

गोंधळ होतो तो असा: दोन कॉइल आहेत, दोन्हींच्या डाव्या टोकाला बॅटरीचं धन टोक जोडलं, तरी त्यांचे ध्रुव उलटे आले. कारण एका कॉइलचा पीळ स्क्रूच्या आट्यासारखा आहे आणि दुसरीचा त्याच्या उलटा. करंट दोन्हींत डावीकडून उजवीकडेच सरकतो, फिरतो मात्र विरुद्ध. त्यामुळे ‘धन टोक डावीकडे’ एवढ्यावरून ध्रुव सांगता येत नाही. चित्रात तार गाभ्याच्या पुढून जातेय की मागून, हे बघावंच लागतं. पुढून दिसणारा तारेचा एक तुकडा पकडा, त्यात करंट वर जातोय की खाली ते ठरवा आणि बोटं तशी वळवा.

८. उत्तर ध्रुवातून रेषा बाहेर पडतात ना? मग नालकुंतलाच्या आत त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे कशा?

कारण रेषा बंद असतात, त्यांना सुरुवात-शेवट नसतो. उत्तर टोकातून बाहेर, बाहेरून वळसा घालून दक्षिण टोकात आत, आणि आतून पुन्हा उत्तरेकडे. बाहेरचा अर्धा प्रवास उत्तर ते दक्षिण, आतला दक्षिण ते उत्तर. अंगठा दाखवतो तो आतला.

९. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम इथे का चालत नाही?

तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधीच असलेल्या क्षेत्रात करंटची तार ठेवली, तर तिच्यावर बल कुठे लागेल, हे तो सांगतो. इथे आपण करंटने तयार केलेलं क्षेत्र शोधतोय. प्रश्नात ‘बल’ किंवा ‘मोटर’ असेल तर डावा हात; तार हलवून करंट मिळवायचा असेल तर फ्लेमिंगचा उजवा हात, ज्यात तीन बोटं एकमेकांना काटकोनात असतात. गुंडाळलेल्या बोटांचा उजवा हात तिसराच.

१०. इलेक्ट्रॉन तर करंटच्या उलट जातात. मग उत्तर उलटं नको का?

नको. नियमातली ‘विद्युतधारा’ म्हणजे बॅटरीच्या धन टोकाकडून बाहेरच्या तारेतून ऋण टोकाकडे जाणारी. इलेक्ट्रॉनच्याच दिशेने बोटं वळवायची हौस असेल तर डावा हात वापरा, उत्तर तेच येईल. एकाच वेळी दोन्ही उलटं करू नका. बारावीच्या वळणावरचा प्रकार प्रश्न १९ मध्ये आहे.

११. घरी करून बघायचंय. काय लागेल आणि किती करंट पुरे?

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इनॅमल केलेली तांब्याची वाइंडिंग वायर मिळते, साधारण २६ गेजची थोडी घ्या. १० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर पाच वेढे मारा आणि काढून दोऱ्याने बांधा. एक सेल, २.२ ओहमचा २ वॉटचा रेझिस्टर, एक होकायंत्र. रेझिस्टर गाळू नका, नाहीतर सेल थेट शॉर्ट होऊन तार हाताला चटका देते. जोडणी दोन-तीन सेकंदच ठेवा.

आता वेटोळं उभं धरा, त्याचं प्रतल उत्तर-दक्षिण ठेवा आणि होकायंत्र बरोबर मध्यावर सपाट ठेवा. करंट सोडण्याआधी सुई वेटोळ्याच्या प्रतलात असेल. करंट सोडला की ती पूर्वेला किंवा पश्चिमेला झुकेल. पूर्वेकडून बघताना करंट प्रदक्षिणेच्या दिशेने असेल तर क्षेत्र तुमच्यापासून दूर, म्हणजे पश्चिमेकडे, आणि सुईचं उत्तर टोकही पश्चिमेकडे. सेल उलटा घाला, सुई पूर्वेला.

किती झुकेल, याचं गणितही बसतं. मध्यावरचं क्षेत्र काढायला म्यू-नॉट (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक) गुणिले वेढे गुणिले करंट, आणि त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. पाच वेढे, ०.६ अँपिअर, ५ सेंटिमीटर त्रिज्या: उत्तर जवळजवळ ३८ मायक्रोटेस्ला. पुण्यात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकही साधारण तेवढाच आहे. दोन सारखे जोर एकमेकांना काटकोनात, म्हणून सुई ४५ अंशांच्या आसपास थांबते. डब्याच्या तारेने पृथ्वीशी बरोबरी केलेली बघून मुलं खूश होतात, मीही होतो. करंट कमी पडला तर कोन थोडा लहान येईल. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला टँजंट गॅल्व्हानोमीटर याहून वेगळं काही करत नाही.

१२. सगळं बरोबर जोडलं, तरी सुई हलत नाही. का?

पहिला संशय तारेच्या टोकांवर. वाइंडिंग वायरवर पारदर्शक इनॅमलचा थर असतो आणि तो तांब्यासारखाच दिसतो. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने टोकं पूर्ण गोलाकार खरवडा, तांबं गुलाबी चमकलं पाहिजे. दहातल्या बऱ्याच फोनचं निदान इथेच होतं.

दुसरं कारण गमतीचं. वेटोळ्याचा अक्ष उत्तर-दक्षिण ठेवला गेलाय. मग वेटोळ्याचं क्षेत्र उत्तरेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्रात मिळतं आणि सुई जिथे आहे तिथेच राहते, फक्त जास्त ठाम होते. ते दक्षिणेकडे असेल आणि पृथ्वीपेक्षा कमी असेल, तरी सुई हलत नाही. पृथ्वीपेक्षा जास्त झालं की मात्र ती अर्धं वर्तुळ फिरून उलटी होते. एका मुलीने हेच करून लिहिलं होतं, “आधी काहीच नाही, मग एकदम भूत.” भूत नाही, वजाबाकी.

तिसरं, चार्जरऐवजी डीसी (एकाच दिशेचा करंट) न देणारा साधा ट्रान्सफॉर्मर जोडला असेल तर प्रश्न १६ बघा.

१३. सुई हलते, पण नियमाच्या बरोबर उलटी. नियम चुकला की मी?

बहुधा दोन्ही नाही. तीन गोष्टी तपासा.

होकायंत्र वेटोळ्याच्या आत आहे की बाहेर? वेटोळ्याच्या प्रतलातच पण बाहेर, तारेच्या शेजारी ठेवलं, तर तिथे क्षेत्र परतीच्या वाटेवर असतं आणि मध्यापेक्षा उलटं येतं. अक्षावर मात्र तोंडापासून दूर गेलात तरी दिशा तीच राहते, जोर कमी होतो.

होकायंत्रच उलटं झालंय का? स्वस्त होकायंत्राची सुई जोरदार चुंबकाजवळ गेली तर तिचे ध्रुव अदलाबदल होतात. माझ्या वर्गात एकदा बारा होकायंत्रं एका डब्यात स्पीकरच्या चुंबकासोबत आठवडाभर पडून होती. डबा मीच भरला होता. पुढच्या शनिवारी बारापैकी सात सुयांचं लाल टोक दक्षिणेकडे, आणि मी फळ्यावर उजवा हात काढून ‘हे बघा’ म्हणत उभा. तेव्हापासून करंट सोडण्याआधी सूर्य कुठे उगवला ते आठवून लाल टोक तपासायचं, हा नियम आहे. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतला आहे, त्याची काळजी नको.

आसपास लोखंड आहे का? स्लॅबमधल्या सळया, लोखंडी टेबल, स्टीलचं कपाट. सिंहगडावर प्रयोग करणाऱ्यांना आणखी एक अडचण: आपला काळा दगड म्हणजे बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, आणि सुई थेट कातळावर ठेवली तर ती वाकडी होऊ शकते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, त्यातला बराचसा पृथ्वीचं क्षेत्र उलटं असतानाच्या काळात, आणि ती उलटी दिशा अजून दगडात अडकून आहे. चुंबकीय मोजमाप करणारे लोक अशा शेजाराला किती जपतात बघा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवलं गेलं.

१४. होकायंत्राऐवजी मोबाइलचं ॲप चालेल का?

चालेल, आणि उभ्या दिशेसाठी तर जास्त सोयीचं, कारण होकायंत्राची सुई वर-खाली बघू शकत नाही. मॅग्नेटोमीटरचं ॲप तीन आकडे दाखवतं. झेडचा आकडा धन असेल तर क्षेत्र स्क्रीनमधून तुमच्याकडे येतंय, ऋण असेल तर स्क्रीनमधून मागे जातंय. फोन टेबलावर सपाट ठेवलात तर करंट नसतानाही झेड ऋण दिसेल. पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरतं. म्हणून आधी करंटशिवाय आकडा लिहा, मग करंट सोडून लिहा, आणि वजाबाकीचं चिन्ह बघा. आडव्या ठेवलेल्या वेटोळ्यात वरून प्रदक्षिणेचा करंट असेल तर झेड आणखी ऋण व्हायला हवा.

फोटो पाठवताना एक कृपा करा: सेल्फी कॅमेरा वापरू नका. त्यात चित्र आरशासारखं उलटतं, प्रदक्षिणेचा बाण उलटा दिसतो आणि उजवा हात डावा. वेटोळ्याची मागची बाजू आरशात बघूनही दिशा ठरवू नका, कारण तेच. उठून मागे जा.

१५. आत लोखंडी खिळा घातला तर दिशा बदलते?

नाही, जोर वाढतो. कडक पोलादाचा आधीच उलटा चुंबकित झालेला तुकडा असेल आणि करंट कमी असेल, तर टोकाचा ध्रुव उलटा लागू शकतो. मऊ लोखंडाचा खिळा घ्या, भानगड नाही.

१६. घरच्या विजेवर कॉइल चालवली तर दिशा कोणती?

क्षणोक्षणी बदलणारी. ५० हर्ट्झमध्ये सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, सुईला तेवढी चपळाई नाही, ती फार तर थरथरते. एखाद्या क्षणाचा करंट दिला असेल तर त्या क्षणापुरता नियम तसाच लागतो. दरवाजाची बेल किंवा रिलेला दिशेने फरक पडत नाही, लोखंड दोन्ही ध्रुवांकडे ओढलं जातं. छताच्या पंख्याला मात्र पडतो: दोन वाइंडिंगपैकी एकाच वाइंडिंगची टोकं उलटली तर पंखा उलटा फिरतो, दोन्ही उलटली तर पहिल्यासारखाच. घरच्या मेन लाइनवर यातलं काही उघडून बघू नका.

१७. मोटरच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) कॉइलचा एखादा ग्रुप उलटा जोडला गेलाय का, हे कसं ओळखायचं?

भोसरीहून आलेला प्रश्न, आणि पुस्तकी प्रश्नांपेक्षा मला आवडलेला. मेन लाइन पूर्ण काढा, रोटर (आतला फिरणारा भाग) बाहेर काढा. बारा व्होल्टची बॅटरी आणि सिरीजमध्ये गाडीचा बल्ब लावून एकाच वाइंडिंगला डीसी द्या. होकायंत्र स्टेटरच्या आतल्या कडेने हळूहळू फिरवा. ज्या ग्रुपसमोर उत्तर ध्रुव असेल तिथे सुईचं दक्षिण टोक ओढलं जाईल, पुढच्या ग्रुपसमोर सुई गिरकी घेईल. चार पोलच्या मोटरमध्ये पूर्ण फेरीत उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असा क्रम मिळाला पाहिजे. शेजारच्या दोन ग्रुपांवर सुईने गिरकी घेतली नाही, तर त्यातल्या एकाची सुरुवात आणि शेवट उलटे जोडलेत.

अपवाद: काही वाइंडिंग मुद्दाम अशी असतात, की सगळे ग्रुप एकाच ध्रुवाचे, आणि उलटे ध्रुव त्यांच्या मधल्या जागेत आपोआप तयार होतात. तिथे ग्रुपवर सुई सारखीच दिसेल आणि दोन ग्रुपांच्या मध्ये गिरकी घेईल. उघडण्याआधी जोडणीचा कागद काढून ठेवला नसेल, तर ही मोटर बिघडलीय असं समजून चांगली जोडणी फिरवून ठेवाल.

१८. वेटोळं गोल नसेल तर? चौकोनी, अर्धवर्तुळ, इंग्रजी आठासारखं?

चौकोन, त्रिकोण, अंडाकृती: बोटं कडेकडेने वळवा, नियम तोच. अर्धवर्तुळ म्हणजे शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा. अर्धीच घातली तरी बाजू तीच. केंद्रावर क्षेत्र पूर्ण वेढ्याच्या निम्मं. जोडणाऱ्या सरळ तारा केंद्राच्या रेषेत असतील तर त्यांचा वाटा शून्य, हे बारावीवाल्यांचं आवडतं गणित.

आठाच्या आकारात एका घरात करंट प्रदक्षिणेचा, दुसऱ्या घरात उलटा. एका घरात क्षेत्र आत, दुसऱ्यात बाहेर.

तार मधोमध दुमडून दुहेरी गुंडाळली, तर प्रत्येक वेढ्याशेजारी उलटा वेढा येतो आणि क्षेत्र जवळजवळ शून्य. प्रयोगशाळेच्या रेझिस्टन्स बॉक्समधल्या कॉइल मुद्दाम अशा असतात.

नालकुंतल वाकवून टोकं जुळवली, मेदूवड्यासारखं कडं झालं, की क्षेत्र कड्याच्या आतल्या आत गोल फिरतं. बोटं तारेबरोबर, अंगठा कड्याबरोबर. अशा कड्याचा उत्तर ध्रुव कोणता, असा प्रश्न आला तर उत्तर: ध्रुव नाहीच.

१९. चुंबक कॉइलकडे नेला तर करंट कुठे फिरेल? आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनचं काय?

पहिला लेन्झचा प्रश्न, नियम १८३४ चा. चुंबकाचं उत्तर टोक तुमच्या बाजूने कॉइलकडे येतंय, तर कॉइल त्याला अडवायला तुमच्याकडचं तोंड उत्तर करते, म्हणजे तुम्हाला करंट प्रदक्षिणेच्या उलट दिसेल. टोक मागे घेतलं की तोंड दक्षिण, करंट प्रदक्षिणेचा. इथे मुलं फसतात ती अशी: मागे घेताना कॉइलचं क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राच्या दिशेनेच असतं. विरोध क्षेत्राला नसतो, बदलाला असतो.

इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती वरून प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतोय असं धरलं, तर करंट उलटा, म्हणून वरचं तोंड उत्तर आणि चुंबकीय आघूर्ण वर. कोनीय संवेग मात्र फिरण्याच्या दिशेवरूनच काढायचा, तो खाली. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध, ते इलेक्ट्रॉनच्या ऋण प्रभारामुळे.

२०. निसर्गाला उजवा हातच का आवडतो? डावा ठरवला असता तर?

दर वर्षी एखादं पोर हे विचारतं आणि त्या दिवशी तास लांबतो. डावा ठरवला असता तर आपण काढलेला प्रत्येक क्षेत्राचा बाण उलटा झाला असता, आणि व्याख्या ‘सुईचं दक्षिण टोक जिकडे’ अशी झाली असती. मग बल काढायचा हातही बदलावा लागला असता, आणि दोन उलटांचं एक सुलट होऊन तारेवरचं बल जिथल्या तिथे राहिलं असतं.

हात मधे न आणताही हे दिसतं. दोन तारा शेजारी शेजारी सैल टांगा आणि दोन्हींतून एकाच दिशेने भरपूर करंट सोडा. त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, एकीत करंट उलटा केला की लांब जातात. ओर्स्टेडनंतर काही आठवड्यांतच अँपिअरने हे दाखवलं. वेटोळंही तेच करतं: समोरासमोर टांगलेल्या दोन वेटोळ्यांत करंट एकाच बाजूला फिरत असेल तर ती जवळ येतात. सुईच्या पोटातही असेच बारीक फिरते करंट आहेत, आणि सुई वळते ती आपले फेरे वेटोळ्याच्या फेऱ्यांशी जुळवून घ्यायला.